इंग्लिशची मुद्दाम मोडतोड करून बनवलेले शब्द – काही चिकटतात, काही पहिल्याच दिवशी मरतात, असं का?

अर्धविराम

मंडळी, विषय टवाळ आहे पण प्रश्न मनापासून विचारतेय. आमचा पाच जणांचा जुना ग्रुप आहे आणि आम्हाला इंग्लिश शब्द वाकवून, तोडून, एकमेकांना चिकटवून स्वतःचे शब्द काढायचा नाद आहे. उदाहरणार्थ 'येस्टरमॉरो', म्हणजे जे काम काल व्हायला हवं होतं आणि आता उद्यावर ढकललंय ते. "रिपोर्ट कुठाय?" "येस्टरमॉरोला देतो." किंवा 'रिप्लायबिलिटी', म्हणजे समोरच्याच्या मेसेजमध्ये उत्तर देण्यासारखं काही आहे का ते. नुसतं "हम्म" आलं की रिप्लायबिलिटी शून्य. असे गेल्या वर्षभरात मी एकटीने सात शब्द ग्रुपवर सोडले.

टिकले किती, तर हेच दोन. आणि ज्या शब्दावर माझा सगळ्यात जास्त जीव होता तो 'टॅबालांच' (टॅब अधिक ॲव्हालांच, म्हणजे ब्राउझरमध्ये एवढे टॅब उघडे आहेत की कुठूनतरी गाणं वाजतंय आणि कुठून वाजतंय ते सापडत नाही) तो माझ्याशिवाय एकाही माणसाने एकदाही वापरला नाही. दोनदा मी अर्थ समजावून सांगितला, तिसऱ्यांदा माझी मलाच लाज वाटली.

आणि जो शब्द कोणी बनवलाच नाही तो मात्र रोज चालतो. एकीने घाईघाईत 'ओके' टाइप करताना मात्रा खाल्ली आणि मेसेज गेला "ओक". पुढचा अर्धा तास कोणी काम केलं नाही हे सांगायला नकोच. तेव्हापासून आमच्यात 'ओके' म्हणजे खरंखुरं ओके आणि 'ओक' म्हणजे मनात नसताना दातओठ खात दिलेला होकार. "रविवारी येशील का जरा काम संपवायला?" "ओक."

तर प्रश्न दोन आहेत. काही शब्द असे चिकटतात आणि काही कितीही ढकलले तरी जागचे हलत नाहीत, यामागे काही लॉजिक असतं का? आणि दुसरं म्हणजे, आमचे एक वरिष्ठ आहेत, त्यांनी 'येस्टरमॉरो' ऐकून सगळ्यांसमोर सुनावलं की आधी इंग्लिश धड शिका, मग मोडा. तेव्हा काही सुचलं नाही, गप्प बसले. पण घरी आल्यावर वाटायला लागलं की त्यांचं बरोबर तर नाही ना?

जुनी_वही

ताई, 'ओक' वाचून खुर्चीतून पडायचा बाकी राहिलो. पण तुमच्या ग्रुपने नकळत काय केलंय ते सांगतो. 'ओके' हा शब्द मुळात मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगचीच थट्टा आहे!

१८३० च्या दशकाच्या शेवटी शेवटी अमेरिकेत बॉस्टनच्या पेपरवाल्यांना एक खूळ लागलं होतं. साध्या वाक्याचं स्पेलिंग मुद्दाम अडाण्यासारखं करायचं आणि मग त्याची फक्त आद्याक्षरं छापायची, वाचकाने ओळखायचं. 'ऑल करेक्ट' मधला 'ऑल' त्यांनी 'ओ' पासून लिहिला आणि 'करेक्ट' लिहिला 'के' पासून, आणि २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्ट मध्ये छापून आलं ओ.के. म्हणजे 'सगळं बरोबर' असं सांगायचं आणि त्यातली दोन्ही अक्षरं चूक. एवढाच जोक. आज वाचून हसूही येत नाही, पण पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ प्रत्येक माणूस तो जोक दिवसातून दहा वेळा मारतो आणि त्याला पत्ता नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे, की त्याच खुळात 'ऑल राइट' चं ओ.डब्ल्यू. पण झालं होतं ('राइट' ला उगाच पुढे डब्ल्यू लावून), 'नो यूज' चं के.वाय. झालं होतं. ते सगळे गेले. ओ.के. वाचलं कारण पुढच्याच वर्षी, १८४० ला, राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन परत निवडणुकीला उभे होते, ते किंडरहूक गावचे, म्हणून त्यांच्या लोकांनी 'ओल्ड किंडरहूक' अशी हाळी दिली आणि ओ.के. क्लब काढले. विरोधकांनी त्यावर खिल्ली उडवली, मग यांनी त्यांची उडवली, असं करत अक्षरं सगळ्यांच्या तोंडी बसली. ब्युरेनसाहेब पडले, शब्द राहिला. हे सगळं ॲलन वॉकर रीड नावाच्या भाषातज्ज्ञाने १९६० च्या दशकात जुने पेपर उपसून शोधून काढलं, तोपर्यंत ओकेच्या जन्माच्या वाट्टेल त्या कथा फिरत होत्या.

त्यामुळे माझं मत विचाराल तर लॉजिक आहे पण आधी नशीब आहे.

कंटाळा_अनलिमिटेड

'ओक' आजपासून आमच्याकडे पण चालू. परवानगी विचारत नाहीये, नुसतं कळवतोय.

तिसरा_बाक

मी त्या वरिष्ठांच्या मुद्द्यावर बोलतो कारण हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलोय आणि आता माझ्याकडे उत्तर आहे.

ब्रिटिश लोक चिडले किंवा फार खूश झाले की मधेच 'ब्लडी' घुसवतात ना, ॲब्सो-ब्लडी-लूटली, फॅन-ब्लडी-टॅस्टिक. आता तुम्ही स्वतः मोठ्याने म्हणून बघा: 'ॲब-ब्लडी-सोलूटली'. नाही ना जमत? 'फँटॅस-ब्लडी-टिक' म्हणा. जीभच नकार देते. का, तर तो 'ब्लडी' वाट्टेल तिथे बसत नाही, ज्या अक्षरावर शब्दाचा जोर पडतो त्याच्या बरोब्बर आधी बसतो. फॅन-टॅस-टिक मध्ये जोर 'टॅस' वर आहे म्हणून त्याच्या आधी. ॲब्सोलूटली मध्ये 'लूट' वर, म्हणून त्याच्या आधी. यावर जॉन मॅकार्थी नावाच्या भाषाशास्त्रज्ञाचा १९८२ चा चक्क पेपर आहे, शिव्या शब्दात कुठे बसतात यावर, आणि गंभीरपणे लिहिलेला आहे. कुठल्याही शाळेत हा नियम शिकवत नाहीत, कुठल्याही ग्रामरच्या पुस्तकात नाही, तरी तिथली बारा वर्षांची पोरं तो कधीच चुकत नाहीत.

दुसरं बघा, २०१३ च्या आसपास तो कुत्र्याचा मीम आला होता आठवतोय? शिबा जातीचा कुत्रा तिरक्या नजरेने बघतोय आणि आजूबाजूला रंगीत अक्षरात 'सच वाव', 'मच हॅपी', 'व्हेरी ऑफिस'. वरवर वाटतं की काहीही तुटकं इंग्लिश लिहिलं की झालं, पण तसं नाही. 'व्हेरी हॅपी' लिहिलं तर जोक मेला, कारण ते बरोबर इंग्लिश आहे! 'मच' जिथे लागत नाही तिथेच लावायचा, 'व्हेरी' नामाला लावायचा. म्हणजे बरोबर काय ते पक्कं माहीत असल्याशिवाय नेमकं चुकता येत नाही.

तर वरिष्ठांना सांगा की मोडण्यासाठी शिकावं लागतं हे त्यांचं म्हणणं मान्य, फक्त त्यांनी गृहीत धरलं की तुम्ही शिकलेला नाही. 'येस्टरमॉरो' मध्ये 'टुमॉरो' चा 'टु' काढून तिथे बरोब्बर 'येस्टर' बसवलाय. दोन्ही शब्दांचे सांधे कुठे आहेत ते कळल्याशिवाय असं जमत नाही.

(आणि सांगू नका खरं तर. वरिष्ठांना असलं काही सांगून कोणाचं भलं झालेलं नाही.)

खवचट_काकू

सगळे इतके कौतुक करतायत म्हणून मी जरा मिठाचा खडा टाकते. अर्धविराम, तुला स्लँग पाहिजे की प्रसिद्धी पाहिजे ते आधी ठरव, कारण दोन्ही एकत्र मिळत नाही. स्लँग हे मुळात बाहेरच्याला कळू नये म्हणूनच असतं गं.

लंडनच्या ईस्ट एंडची ती यमकवाली बोली घे. 'फोन' ला म्हणायचं 'डॉग अँड बोन', का तर बोन-फोन यमक जुळतं. इथपर्यंत कोणीही ओळखेल. पण मग पुढची चलाखी अशी की बऱ्याचदा यमक जुळणारा भागच गाळून टाकायचा! 'लूक' साठी 'बुचर्स हुक', आणि बोलताना नुसतं 'बुचर्स'. 'हेड' साठी 'लोफ ऑफ ब्रेड', आणि बोलताना 'यूज युअर लोफ', म्हणजे डोकं वापर. आता बाहेरच्याने लोफ आणि डोक्याचा संबंध कसा लावायचा? तोच तर हेतू.

तिथलेच हातगाडीवर माल विकणारे लोक एकोणिसाव्या शतकात शब्द उलटे बोलायचे. 'बॉय' उलटा करून 'यॉब', जो आज उनाड पोरासाठी चांगल्या इंग्लिशमध्येही चालतो. 'पोलीस' ची अक्षरं उलटी करून 'एसिलॉप' आणि ते घासून घासून 'स्लॉप'. पोलीस शेजारी उभा असला तरी स्लॉप आला म्हणून ओरडता यायचं. फ्रेंच पोरं हेच करतात, त्याला 'व्हेर्लां' म्हणतात, आणि ते नावसुद्धा 'उलट' याच अर्थाच्या 'लांव्हेर' ला उलटं करून केलंय. आपण लहानपणी मोठ्यांसमोर च-ची भाषा बोलायचो, "चलाम चूकभ चागलील", तसंच. फरक एवढाच की आपल्या मोठ्यांना ती येत होती आणि ते बिचारे न कळल्यासारखं करायचे.

आता अशी भाषा उघड्यावर आली की काय होतं ते बघ. ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांची 'पोलारी' नावाची बोली होती, कारण पकडले गेले तर तुरुंग. त्यात चांगल्याला 'बोना', केसांना 'रिआ', जो 'हेअर' उलटा केलाय. १९६० च्या दशकात बीबीसी रेडिओच्या एका विनोदी कार्यक्रमातली दोन पात्रं ती दर आठवड्याला बोलायला लागली, लाखो घरात पोचली. १९६७ ला तिथला कायदाही सैल झाला. लपायची गरज कमी झाली आणि लपवायचं साधनही सगळ्यांना कळलं, मग बोली झपाट्याने विरली. लोकांच्या दृष्टीने चांगलंच झालं म्हणा, भाषेच्या दृष्टीने संपलं.

म्हणून म्हणते, पाच जणांत चालतंय ना, मग पाच जणांतच ठेव. 'ओक' इथे सांगून तू त्याच्या मरणाची व्यवस्था केलीस, वर बघ, एकाने उचललापण.

कंटाळा_अनलिमिटेड

काकू मी गुन्हेगार आहे मान्य पण शब्द सुंदर आहे

रात्रपाळी

काकूंचं पटलं कारण आमच्या डोळ्यासमोर झालंय हे. आमच्या टीममध्ये 'म्यूटोलॉग' शब्द होता, म्यूट अधिक मोनोलॉग, म्हणजे माणूस ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून दोन-तीन मिनिटं हातवारे करत बोलतो आणि बाकीचे आठ जण शांतपणे बघत बसतात कारण आधी कोणी सांगायचं यावर एकमत नाही. शब्द कोणी काढला आठवत पण नाही. तीन वर्षं मस्त चालला. कोणी सुरू झालं की चॅटवर नुसतं 'म्यूटो' टाकायचो आणि त्या माणसाला सोडून सगळे हसायचे, आणि तोही नंतर कळल्यावर हसायचा.

मग एक दिवस ट्रेनिंग होतं. मीटिंगमध्ये कसं वागावं वगैरे. चौथी स्लाइड आली, निळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरात 'म्यूटोलॉग टाळा', खाली त्याची दोन ओळींची व्याख्या, आणि बाजूला तोंडावर बोट ठेवलेला एक कार्टून माणूस. ट्रेनर बाई म्हणाल्या, "तुमच्याच भाषेत सांगायचं तर!" आणि टाळीसाठी थांबल्या. मला आजही ती शांतता आठवते. आम्ही सगळे स्क्रीनवर एकमेकांचे चेहरे बघत होतो आणि प्रत्येकाला कळलं की संपलं. त्या दिवसानंतर एकाही माणसाने तो शब्द उच्चारला नाही. ठरवून नाही हां. तोंडातून निघेनाच. नवीन आलेल्या पोराने दोन महिन्यांनी कुठूनतरी ऐकून वापरला तर आम्हाला त्याचीच कीव आली.

जुनी_वही

रात्रपाळी, निळी चौकट वाचून वाईट वाटलं राव.

पण काकू, एक शंका. सगळंच स्लँग लपण्यासाठी नसतं ना? काही शब्द नुसते एखाद्या गोष्टीला नाव नव्हतं म्हणून येतात आणि ते पसरले तरी मरत नाहीत, उलट कोणी बनवले तेच लोक विसरतात. पुस्तकाच्या मागच्या कौतुकाच्या मजकुराला 'ब्लर्ब' म्हणतात तो शब्द जेलेट बर्जेस नावाच्या अमेरिकन विनोदी लेखकाने १९०७ मध्ये थट्टेने काढला. त्याला हा इतका चालला म्हटल्यावर चेव आला आणि १९१४ मध्ये त्याने स्वतः बनवलेल्या शंभर शब्दांची अख्खी डिक्शनरी छापली. त्यातला आज लोकांच्या तोंडात असलेला शब्द कोणता? तर ब्लर्बच. बाकीचे शोधून वाचावे लागतात. ताई, तुमचं साताला दोन आहे. तुम्ही बर्जेसच्या कितीतरी पुढे आहात, वाईट वाटून घेऊ नका.

आणि डिक्शनरीत गेलं म्हणजे शब्द झाला असंही नाही. वेबस्टरच्या १९३४ च्या जाडजूड डिक्शनरीत 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला गेला, अर्थ दिला घनता. असा शब्दच नव्हता! एका चिठ्ठीवर लिहिलं होतं 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा 'डी' हे संक्षिप्त रूप वापरतात. कोणीतरी ती सगळी अक्षरं जोडून एकच शब्द वाचला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा भानगड उघडी पडली. पाच वर्षं छापील डिक्शनरीत बसून डॉर्ड कोणीही वापरला नाही, आणि मात्रा खाल्लेला 'ओक' डिक्शनरीशिवाय पळतोय. दोन्ही चुकाच, पण एका चुकीवर माणसं हसली.

खवचट_काकू

हो, नावच नसलेल्या गोष्टीचं तुझं बरोबर आहे, तेवढं मागे घेते. 'प्रीपोन' घे. पोस्टपोन च्या उलट काय म्हणायचं हे इंग्रजांनी सोयीचं ठेवलं नाही, आपल्या लोकांनी बेधडक रूढ करून टाकलं, वर्षानुवर्षं त्यावर नाकं मुरडली गेली आणि आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. त्यात विनोद करायचा हेतूच नव्हता, मीटिंग लवकर घ्यायची होती एवढंच.

तिसरा_बाक

इथेच मला वाटतं टॅबालांचचं उत्तर आहे. ॲलन मेटकाफ नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने नवीन शब्द का टिकतात यावर पाच निकष दिले होते, त्यातला मला सगळ्यात पटणारा म्हणजे शब्दाने स्वतःकडे लक्ष वेधता कामा नये. जो शब्द ऐकल्यावर "वा, काय डोकं चालवलंय!" वाटतं तो लोक ऐकतात, दाद देतात आणि तुझ्याकडेच ठेवून निघून जातात, कारण वापरला तर तुझा जोक चोरल्यासारखं होतं. 'सेल्फी' बघ, २००२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन माणसाने ओठ फुटल्याचा फोटो टाकून सहज लिहिलेला शब्द. ऑस्ट्रेलियन लोक तसेही सगळ्या शब्दांना मागे 'ई' लावतात, बार्बेक्यूला बार्बी म्हणतात, त्यामुळे त्याला स्वतःला आपण काही बनवलंय असं वाटलंही नसेल. २०१३ ला तो ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द झाला. 'रिझ' (म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची हातोटी) तसाच, 'करिझ्मा' च्या पोटातून मधला तुकडा काढलाय. विचित्र वाटतं पण 'रेफ्रिजरेटर' मधून 'फ्रिज' आणि 'इन्फ्लुएन्झा' मधून 'फ्लू' काढताना हेच केलं होतं, म्हणून कानाला खटकत नाही.

'रिप्लायबिलिटी' पण तशीच आहे, ऐकताना वाटतं हा शब्द आधीपासून असणारच. 'टॅबालांच' मात्र दारात उभा राहून "मला बघा, माझ्यात दोन शब्द आहेत" असं ओरडतो. राग मानू नकोस.

अर्धविराम

राग नाही, बरंच कळलं. विशेषतः दोनदा अर्थ समजावून सांगितला तिथेच तो गेला होता हे आता दिसतंय.

तिसरा_बाक, तुमचा नियम ग्रुपवर टाकला आणि कालची अख्खी संध्याकाळ आम्ही शब्दात 'ब्लडी' घुसवत बसलो. येस्टर-ब्लडी-मॉरो एकदम फिट बसतो! रिप्लाय-ब्लडी-बिलिटी पण. 'टॅबालांच' मध्ये कुठेच बसेना, आम्ही पाचही जणांनी करून बघितलं, जोर पहिल्याच अक्षरावर असल्यामुळे 'ब्लडी' बाहेरच राहतो. त्यामुळे एकमताने ठराव झालाय की टॅबालांच ग्रुपमधून निवृत्त. कोणाला हवा असेल तर घेऊन जा, फुकट आहे.

वरिष्ठांना काही बोलले नाहीये. काकू, 'ओक' बद्दल तुमचा शाप लागू नये एवढं बघा.

रात्रपाळी

टॅबालांच मी घेतला. काल स्क्रीन शेअर करताना सहज म्हणालो "थांबा जरा, टॅबालांच झालाय". कोणी हसलं नाही, कोणी अर्थही विचारला नाही, एकजण म्हणाला "गाणं तिसऱ्या टॅबमधून येतंय, बंद कर".